अंतर दाखवायचं तर आधी उशीर ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पंधरा मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट करायचा आहे: विज्ञानकथा आणि प्रेमकथा एकत्र. ती मंगळावर जाते, तो पृथ्वीवर राहतो. संहिता ज्यांनी वाचली ते म्हणतात, "छान आहे, पण ही दोघं दोन ग्रहांवर आहेत असं वाटत नाही, दोन शहरांत आहेत असं वाटतं." म्हणून तिला मंगळाऐवजी थेट दुसऱ्या ताऱ्याकडे पाठवावं का, विज्ञान किती काटेकोर ठेवावं, आणि तिघांच्या चमूला हे झेपेल का, असं तुम्ही विचारलं आहे. स्टोरीबोर्ड (दृश्यांची क्रमवार रेखाटनं) आणि दिग्दर्शन या दोन्ही कामांत मी बरीच वर्षं आहे आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही प्रश्नासोबत जोडलेल्या तीन दृश्यांत एक गोष्ट लगेच दिसते. तुमची दोघं एकमेकांना उत्तरं देतात. तो विचारतो, कट, ती सांगते, कट, तो हसतो. मागे लाल माळरान रंगवलं आहे, हेल्मेटवर धूळ आहे, पण कट मात्र फोनवरच्या गप्पांचा आहे. प्रेक्षकाला किलोमीटर कळत नाहीत. पाच कोटी आणि चाळीस कोटी हे दोन्ही आकडे कानावर सारखेच पडतात. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायला किती वेळ लागला, हे मात्र त्याला न सांगता कळतं. म्हणून पात्रांची चेहरेपट्टी, पोशाख, यान या सगळ्याच्या आधी उशीर ठरवा. चित्रपटाच्या कोणत्या दृश्यात संदेशाला किती वेळ लागतो हे एका कागदावर लिहा आणि मग तो कागद कधीही मोडू नका.

प्रकाश आणि रेडिओलहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. चंद्रापर्यंत एका बाजूने साधारण १.३ सेकंद, म्हणजे प्रश्न जाऊन उत्तर यायला अडीच सेकंदांहून थोडं जास्त. मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ येतो तेव्हा एका बाजूने ३ मिनिटं, सूर्याच्या पलीकडे जातो तेव्हा २२ मिनिटं. गुरूपर्यंत पाऊण तासाच्या आसपास, नेपच्यूनपर्यंत चार तास. सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर. व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर.

मंगळाचा आकडा पुन्हा पाहा. तिचा एक निरोप पोहोचायला २२ मिनिटं लागू शकतात आणि तुमचा अख्खा चित्रपट १५ मिनिटांचा आहे. म्हणजे उशीर आहे तसा पडद्यावर दाखवता येणार नाही, त्याच्या जागी काहीतरी ठेवावं लागेल. माझा नियम असा आहे की निरोप निघाल्यापासून पोहोचेपर्यंत दुसऱ्या बाजूला एक गोष्ट बदललेली दिसली पाहिजे. छोटीच, पण बदललेली. ती विचारते, "झोप झाली का?" आणि निरोप पोहोचतो तेव्हा तो रुग्णालयाच्या बाकावर बसलेला असतो. प्रश्न निघाला तेव्हा बरोबर होता, पोहोचला तेव्हा चुकीचा ठरला. अशी दोन दृश्यं झाली की प्रेक्षक स्वतःच धास्तावतो, कारण आता प्रत्येक निरोप शिळा असणार हे त्याला कळलेलं असतं. ते सांगायला एकही संवाद खर्चावा लागत नाही.

सुरुवातही यातूनच मिळते. सध्या तुमचा चित्रपट उड्डाणाच्या ज्वाळांनी सुरू होतो. तसं उड्डाण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यानंतरचे दिवस मला जास्त मोलाचे वाटतात. यान पृथ्वीपासून सेकंदाला तीनेक किलोमीटर वेगाने दूर जात असेल, तर दीडएक दिवसात चंद्राइतकं अंतर होतं आणि बोलण्यात अडीच सेकंदांची फट पडते. दोघं एकमेकांच्या वाक्यावर वाक्य टाकतात, "तू बोल", "नाही, तू बोल" करतात. दहा-बारा दिवसांत उत्तर यायला वीस सेकंद लागतात. वीस सेकंद समोरच्याच्या स्थिर चेहऱ्याकडे बघत बसणं माणसाला जमत नाही. मग एके दिवशी दोघांपैकी एक जण म्हणतो, "यापुढे आपण रेकॉर्ड करून पाठवू." बोलणं थांबतं आणि पत्रव्यवहार सुरू होतो तो हा दिवस. माझ्या मते तुमच्या चित्रपटातला पहिला खरा विरह इथे आहे आणि तो पहिल्या तीन मिनिटांत यायला हवा.

आता भांडणाचं दृश्य. ते तुमच्या संहितेचं हृदय आहे आणि तिथेच ती सर्वांत जास्त कोसळते, म्हणून इथे जरा थांबते. कागदावर दोन उभ्या रेषा काढा, एक त्याची, एक तिची. वरून खाली वेळ जातो. प्रत्येक निरोप म्हणजे एका रेषेवरून दुसरीकडे खाली उतरत जाणारी तिरकी रेघ. उशीर जितका जास्त, तितकी रेघ जास्त कलती. पदार्थविज्ञानात अशाच आकृत्या काढतात, फक्त तिथे वेळ खालून वर जातो. माझ्या भिंतीवर स्टोरीबोर्डच्या आधी ही आकृती लागते.

समजा त्या दिवशी एका बाजूचा उशीर २० मिनिटांचा आहे. १० वाजता तो रागाच्या भरात एक निरोप पाठवतो. १० वाजून १० मिनिटांनी त्याला पश्चात्ताप होतो आणि तो माफी मागणारा दुसरा निरोप पाठवतो. तिला रागाचा निरोप १०:२० ला मिळतो. ती १०:२४ ला दुखावून लिहिते, "मग आता नकोच बोलायला." १०:३० ला तिला माफी मिळते. ती विरघळते आणि १०:३१ ला लिहिते, "मीही चुकले." इकडे त्याच्याकडे १०:४४ ला "नकोच बोलायला" येतं आणि १०:५१ ला "मीही चुकले" येतं. मधली सात मिनिटं त्याची आहेत. "नकोच बोलायला" हे आपल्या माफीला तिने दिलेलं उत्तर आहे असं त्याला वाटू शकतं. पण त्याने नीट हिशेब केला तर त्याला कळेल की माफी तिच्याकडे १०:३० ला पोहोचणार, म्हणून तिचं उत्तर १०:५० च्या आत येऊच शकत नाही. तेव्हा १०:४४ चा निरोप जुन्या रागाला दिलेलं उत्तर आहे.

आता ठरवा, तुमचा नायक हा हिशेब करतो की करत नाही? या सात मिनिटांत प्रेक्षकाला त्याच्या स्वभावाबद्दल जे कळेल ते चार पानांच्या संवादातून कळणार नाही. जो हिशेब करतो तो घड्याळाकडे बघत तग धरतो. जो करत नाही तो त्या सात मिनिटांत आणखी एक निरोप पाठवून बसतो, आणि तो आता परत बोलावता येत नाही, वीस मिनिटं तो वाटेत असणार. मला दुसरा नायक जास्त भावतो. तिसराही पर्याय आहे: कथेच्या सुरुवातीला तो हिशेब करत नाही, शेवटी करायला शिकतो. प्रेमात माणूस काय शिकतो हे दाखवायला मला यापेक्षा चांगली गोष्ट सुचत नाही.

हा ताण कल्पनेतला नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये क्युरिऑसिटी ही बग्गी मंगळावर उतरली तेव्हा एका बाजूचा उशीर सुमारे १४ मिनिटांचा होता, आणि वातावरणात शिरण्यापासून जमिनीला टेकेपर्यंतचा प्रवास ७ मिनिटांचा. म्हणजे "वातावरणात शिरले" हा संदेश पृथ्वीवर आला तेव्हा बग्गी सात मिनिटांपूर्वीच उतरलेली होती, सुखरूप किंवा चुराडा होऊन. नियंत्रण कक्षातली माणसं श्वास रोखून जे पाहत होती ते आधीच घडून गेलेलं होतं. बग्गीच्या जागी ती आहे अशी कल्पना करा.

मंगळ तुम्हाला आणखी दोन गोष्टी फुकट देतो. पहिली, घड्याळं. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा असतो. आज दोघांची सकाळ एकाच वेळी झाली असेल तर उद्या तिची सकाळ ४० मिनिटं उशिरा होईल, परवा ८० मिनिटं. अठरा-एकोणीस दिवसांनी त्याची सकाळ आणि तिची रात्र अशी गत होते आणि साधारण ३७ दिवसांनी दोघं पुन्हा एकत्र जागी होतात. म्हणजे त्यांच्या नात्याला ३७ दिवसांची भरती-ओहोटी आहे, आणि ती लिहून काढायला तुम्हाला काही करावं लागत नाही. दोन्ही खिडक्यांमधला उजेड दृश्यागणिक सरकवत न्या, तेवढं पुरे.

दुसरी गोष्ट म्हणजे सूर्य आड येणं. साधारण दर २६ महिन्यांनी मंगळ सूर्याच्या बरोबर मागे जातो आणि तिथल्या यानांना आज्ञा पाठवणं दोनेक आठवडे थांबवतात, कारण सूर्याच्या आसपासच्या तप्त वायूत संदेश बिघडू शकतो. तुमच्या मध्यंतराची जागा ही आहे. सध्या तिथे तुम्ही धुळीचं वादळ घातलंय आणि त्यात तिचा तळ उन्मळून पडताना दाखवलाय. मंगळावरचा हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, तिथला वारा असा धक्का देऊच शकत नाही. वादळ उजेड हिरावून घेईल, तळ उपटणार नाही. त्यापेक्षा आधीपासून तारीख माहीत असलेली शांतता मला कितीतरी अधिक छळणारी वाटते. दोघांनाही ठाऊक आहे की अमुक दिवसापासून पंधरा दिवस काही येणार नाही. त्याआधीचा शेवटचा निरोप कोणता पाठवायचा?

रंगांसाठीही फार शोधाशोध नको. पृथ्वीवर दिवस निळा आणि सूर्यास्त तांबडा. मंगळावर याच्या उलट, दिवस फिकट तांबूस-पिवळा आणि सूर्यास्त निळसर, कारण तिथली बारीक धूळ निळा प्रकाश सूर्याच्या दिशेने पुढे सोडते. त्याची दुपार आणि तिची संध्याकाळ एका रंगाची होऊ शकते. कलर स्क्रिप्टमध्ये, म्हणजे दृश्यागणिक रंगांच्या आराखड्यात, दोघांचं निळं फक्त एकदाच जुळवा, कुठे जुळवायचं ते विचार करून ठरवा. तिच्या आकाशातला सूर्य इथल्यापेक्षा लहान काढा, रुंदीने दोन-तृतीयांश. आणि पृथ्वी तिला चांदणीसारखी दिसेल, शेजारी चंद्राचा अगदी फिका ठिपका.

आता अंतर वाढतं तसं काय काय गळून पडतं ते. रेडिओ संकेताची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, अंतर दुप्पट झालं की चौथा हिस्सा उरतो. त्यामुळे त्याच साधनांनी सेकंदाला पाठवता येणारी माहितीही कमी होत जाते. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर १ हे यान आज इतकं दूर आहे की त्याचा संदेश यायला जवळजवळ एक दिवस लागतो. त्याचा प्रक्षेपक सुमारे २२ वॅटचा, आणि माहिती येते ती सेकंदाला १६० बिट या गतीने, तीही कॅलिफोर्नियातलं गोल्डस्टोन, माद्रिद आणि कॅनबेरा इथल्या प्रचंड अँटेना कान लावून बसतात तेव्हा. या गतीने एक मेगाबाइटचा साधा फोटो यायला जवळपास १४ तास लागतील.

यातून कथा कशी उभी राहते पाहा. आधी तिचा चालता-बोलता चेहरा येतो. मग चेहरा जातो, फक्त आवाज उरतो. मग आवाजही जातो, अक्षरं उरतात. शेवटी दिवसाला एक ओळ. अधूनमधून ती हट्टाने एक फोटो पाठवते आणि तो चौदा तास ओळीमागून ओळ उलगडत राहतो. आधी केस, मग कपाळ, दोन-तीन तासांनी डोळे. तो कामाला जाऊन येतो तेव्हा ओठ आलेले असतात. अ‍ॅनिमेशनमध्ये हे दृश्य जवळजवळ फुकट आहे, एक स्थिर चित्र आणि एक सरकता पडदा. जिवंत अभिनयाच्या चित्रपटात हे करता येतं, पण इथे जास्त शोभतं, कारण आपल्या प्रेक्षकाला रेषेरेषेने माणूस घडताना पाहायची सवय असते.

व्हॉयेजरचा विषय निघाला म्हणून सांगते. त्यावरच्या, पृथ्वीवरचे आवाज आणि संगीत भरलेल्या सोनेरी तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे हे अनेकांना माहीत असतं. त्याच तबकडीत एका प्रेमात पडलेल्या बाईच्या मेंदूतल्या लहरींचा आलेखही ध्वनीच्या रूपात आहे. तबकडीच्या कामाची सर्जनशील धुरा सांभाळणाऱ्या अ‍ॅन ड्रुयन यांनी १९७७ च्या जूनमध्ये तो नोंदवून घेतला. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांनी फोनवर लग्नाचं ठरवून तेव्हा जेमतेम काही दिवस झाले होते, आणि नोंदणी चालू असताना ज्या गोष्टींचा त्यांनी विचार केला त्यांत प्रेमात पडणं म्हणजे काय हेही होतं. मानवाने बनवलेली सर्वांत दूर पोहोचलेली वस्तू आज ते घेऊन चालली आहे. दूरच्या अंतराळातल्या प्रेमाची गोष्ट पोरकट आहे असं कुणी तुम्हाला म्हटलं तर हे सांगा.

तिला ताऱ्याकडे पाठवायचं का? पाठवलंत तर दुसराच चित्रपट होईल, आणि तोही मला आवडेल, पण त्याचं गणित आधी समजून घ्या. आजवर मानवनिर्मित यानाने गाठलेला सर्वांत जास्त वेग पार्कर सौरयानाचा, ताशी सुमारे ६ लाख ९० हजार किलोमीटर. त्या वेगानेही प्रॉक्सिमाला पोहोचायला साडेसहा हजार वर्षांहून जास्त लागतील. म्हणजे तुम्हाला एक खोटं बोलावंच लागेल: प्रकाशाच्या जवळपास वेगाने जाणारं यान. ते बोला, स्पष्टीकरण न देता बोला. प्रेक्षक एक अशक्य गोष्ट मान्य करतो. पण तेवढं एकच. प्रकाशापेक्षा वेगवान निरोप तर अजिबात आणू नका. तुमच्या टिपणात क्वांटम एन्टँगलमेंटमधून, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या कणांतून, 'तत्काळ संभाषण' असं आहे, ते काढून टाका. गुंतलेल्या कणांमधून माहिती पाठवता येत नाही हे भौतिकशास्त्रात पक्कं आहे, आणि त्याहून महत्त्वाचं, तत्काळ संभाषण आलं की तुमची दोघं पुन्हा दोन शहरांत आली.

समजा तारा चार प्रकाशवर्षांवर आहे आणि यान प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने जातं. वेग वाढवणं, थांबणं, वळणं यांचा वेळ सोडून देऊ. पृथ्वीच्या घड्याळाने जायला ५ वर्षं, यायला ५ वर्षं. तिच्या घड्याळाने ३ आणि ३. दोघं पंचविशीत निरोप घेतात, तो पस्तिसाचा होतो आणि ती एकतीस वर्षांची परत येते. इथपर्यंत सगळे लिहितात. पत्रांचा विचार मात्र फारसा कुणी करत नाही, आणि खरी गोष्ट पत्रांत आहे.

दोघं आपापल्या घड्याळाने दर आठवड्याला एक पत्र पाठवतात. ती दूर जात असताना या वेगाला पत्रं तीनपट विरळ होतात, तिचं साप्ताहिक पत्र त्याला तीन आठवड्यांनी मिळतं, त्याचं तिलाही तसंच. ती वळते ते पृथ्वीच्या हिशेबाने पाचव्या वर्षी, पण ती वळली ही बातमी यायला आणखी चार वर्षं लागतात. म्हणजे त्याला तब्बल नऊ वर्षं तिच्या जाण्याचीच पत्रं येत राहतात. आणि मग शेवटच्या एका वर्षात तिच्या परतीची तीन वर्षांची सगळी पत्रं कोसळतात, आठवड्याला तीन. तिच्या बाजूने चित्र अगदी वेगळं आहे. जाताना तीन वर्षांत तिला त्याच्या आयुष्याचं फक्त एक वर्ष कळतं. वळताक्षणी मात्र पत्रांचा ओघ वाढतो, आणि परतीच्या तीन वर्षांत त्याची नऊ वर्षं तिच्यावर येऊन आदळतात. नोकरी गेली, वडील गेले, घर बदललं, कुणीतरी दुसरी भेटली असेल तर तीही.

या विषमतेकडे नीट बघा. प्रवास तोच, प्रेम तेच, पण वाट पाहण्याचा आकार दोघांचा वेगळा आहे. तिच्यासाठी तो नेमका मध्यावर दुभंगतो, त्याच्यासाठी शेवटच्या दहाव्या हिश्शात. ताऱ्याचा चित्रपट करायचा असेल तर पंधरा मिनिटं अशीच वाटा: तिचा भाग मधोमध मोडा, त्याचा साडेतेराव्या मिनिटाला. मला खात्री आहे की प्रेक्षकाला गणित न सांगताही त्यातली ओढ जाणवेल.

या वेगाला रंगही बदलतात. मागच्या खिडकीतून सूर्य पाहिला तर तो अंधुक तांबडा दिसेल, कारण ५,८०० केल्व्हिन (तापमानाचं एकक) तापमानाचा त्याचा प्रकाश जणू १,९०० केल्व्हिनचा होऊन पोहोचतो. समोरचे तारे निळसर-पांढरे दिसतील आणि पुढच्या दिशेला एकवटलेले. घर लाल होत विझत जातं आणि मुक्काम निळा होत उजळतो. आणि तिचं चित्रण कोणतीही दुरुस्ती न करता दाखवलं तर दोन सेकंदांचं हसू सहा सेकंद चालेल. हे मात्र कसलेल्या हाताने करा. नुसती फ्रेम लांबवली तर अडखळल्यासारखं दिसतं, मधली चित्रं नव्याने काढावी लागतात.

तरीही तुमच्या जागी मी असते तर मंगळच धरला असता. तिथे खोटं बोलायची गरज नाही, आणि पंधरा मिनिटांत दहा वर्षांचं वय वाढवायचं म्हणजे प्रत्येक पात्राची दोन-तीन वेगळी मॉडेल शीट, म्हणजे पात्र कसं काढायचं ते ठरवणारे नमुना-तक्ते. तिघांसाठी तो भार मोठा आहे.

एक गोष्ट संहितेत मला खुपते. तिला पाठवण्यात येतं. संस्थेचा आदेश येतो, ती रडते आणि जाते. अंतर लादलेलं असलं की दोघंही फक्त बिचारी उरतात. कुसुमाग्रजांची पृथ्वी आठवा. तिच्याभोवती इतर प्रियकरांची रांग आहे, जवळचं प्रेम सहज मिळण्यासारखं आहे, पण ती ते नाकारते आणि सूर्याचा दुरावा स्वीकारते. म्हणून त्या प्रेमाला उंची येते. तुमच्या नायिकेलाही मंगळ हवा असू द्या, मनापासून. त्याच्यावर प्रेम असताना हवा असू द्या. आणि ती हे त्याला एकदा तोंडावर सांगू दे, उड्डाणाच्या आधी, उशीर शून्य असताना. मग पुढच्या प्रत्येक निरोपाला वजन येईल.

कामाच्या बाजूने बोलायचं तर पंधरा मिनिटं म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने २१,६०० फ्रेम. टूजवर, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम ठेवून केलं तरी १०,८०० चित्रं. पण हा विषय लहान चमूला साथ देतो, कारण यात वाट पाहणं आहे, रिकाम्या खोल्या आहेत, आकाश आहे. २००२ साली मकोतो शिनकाई यांनी तारकांमधल्या अंतरावरून फोनवर संदेश पाठवणाऱ्या मुलीची 'होशी नो कोए' ही पंचवीस मिनिटांची गोष्ट संगीत आणि आवाजांची थोडी मदत सोडली तर जवळजवळ एकट्याने, घरच्या संगणकावर केली. तेव्हा झेपेल. मात्र वाचवलेली मेहनत एका ठिकाणी ओता: वाट पाहणारा चेहरा. होल्ड, म्हणजे पात्र स्थिर राहतं तो भाग, पूर्ण गोठवला तर पात्र मरतं. श्वासाचं बारीक वर-खाली, पापणी, नजर एकदा दाराकडे एकदा पडद्याकडे, एवढं हवंच. आणि हातांना काम द्या. वाट पाहणारी माणसं खिडकीत उभी राहत नाहीत, ती भांडी घासतात, चेन अडकलेली पिशवी दुरुस्त करतात, मध्येच थबकतात.

आवाजाबद्दल एवढंच की सुरुवातीचं थेट बोलणं दोन्ही कलाकारांना एकत्र बसवून रेकॉर्ड करा, आणि निरोप सुरू झाल्यावर कधीही एकत्र बसवू नका. एकमेकांचं वाचन ऐकूही देऊ नका. समोरचा ऐकत नसताना माणूस वेगळं बोलतो, वाक्याच्या शेवटी किंचित वाट पाहतो आणि मग स्वतःच पुढे जातो. तो थांबा लिहून आणता येत नाही. तुमचा नायक वाद्यं दुरुस्त करतो म्हणून एक भर: पर्सिव्हिअरन्स बग्गीच्या ध्वनिमुद्रणांतून कळलंय की मंगळाच्या हवेत उंच पट्टीचे स्वर खालच्या पट्टीपेक्षा सेकंदाला दहाएक मीटर जास्त वेगाने जातात. त्याने पाठवलेली धून तिने तळाबाहेर, लांबून ऐकली तर ती किंचित विस्कटलेली असेल. हे त्याला तिनेच सांगावं.

दृष्टिरेषा सांभाळा. ती फ्रेमच्या उजवीकडे पाहत असेल तर तो डावीकडे, म्हणजे कोट्यवधी किलोमीटर मध्ये असूनही कटवर दोघं समोरासमोर येतात. भांडणाच्या आकृतीत जिथे निरोप एकमेकांना ओलांडतात तिथे दोघांनाही एकाच दिशेला बघायला लावा.

पुढचे काही आठवडे संहितेला हात लावू नका. दोन रेषांची आकृती काढा, तिच्यावर सगळे निरोप मांडा, आणि फक्त भांडणाच्या दृश्याचं तीन मिनिटांचं कच्चं अ‍ॅनिमॅटिक करा, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं वेळेवर बसवलेला मसुदा, काड्यांची माणसं चालतील. ते संहिता न वाचलेल्या कुणाला तरी दाखवा. मधेच थांबवून विचारा, "या क्षणी त्याला काय माहीत आहे? आणि तिला?" दोन्ही उत्तरं बरोबर आली आणि सांगणारा अस्वस्थ दिसला, तर पुढच्या दृश्याकडे वळा. उत्तरं चुकली तर संवाद वाढवू नका, निरोपाच्या निघण्या-पोहोचण्याच्या वेळा हलवून पुन्हा मांडा.